सूत्र बरोबर आहे, शून्य चुकलंय: टायर, सिलिंडर आणि वायूच्या दाबाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा अकरावीत आहे. पुस्तकात लिहिलंय की बंद भांड्यातल्या वायूचा दाब तापमानाच्या समप्रमाणात वाढतो. वडिलांनी ते गाडीवर पडताळून पाहिलं. पुण्यात सकाळी २० अंशाला टायरमध्ये ३२ पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड, दाबाचं माप) हवा होती. एक्स्प्रेसवेवर तासभर गाडी चालवल्यावर डॅशबोर्ड टायरचं तापमान ५० दाखवायला लागला. २० चे ५० म्हणजे अडीच पट, मग दाब ८० व्हायला हवा, पण आकडा दिसतोय ३७. पुस्तक चुकतंय की गेज? शिवाय दोन उपप्रश्न आहेत: वाढलेली हवा सोडून द्यायची का, आणि घरचा गॅस सिलिंडर संपत आला तरी ज्योत जवळजवळ शेवटपर्यंत तशीच कशी राहते, आतला दाब कमी व्हायला नको का?

मी सत्तावीस वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात कंप्रेसर, एअर रिसीव्हर (दाबलेली हवा साठवायची टाकी) आणि गॅस सिलिंडरांच्या मेन्टेनन्समध्ये काढली. हा गोंधळ मी नव्या डिप्लोमावाल्या पोरांमध्ये दरवर्षी पाहिलाय, आणि एक-दोनदा चांगल्या सीनियर माणसांमध्येही. पुस्तक बरोबर आहे, गेजही बरोबर आहे. शून्य चुकलंय, आणि तेही दोन ठिकाणी.

आधी दाबाचं शून्य घेऊ. टायरचा गेज ३२ दाखवतो म्हणजे आत एकूण ३२ दाब नसतो. बाहेरच्या हवेपेक्षा आत ३२ ने जास्त असतो. टायर सपाट पंक्चर असतानाही गेज शून्य दाखवतो, पण आत हवा असतेच आणि तिचा दाब वातावरणाइतका असतो. समुद्रसपाटीला, म्हणजे दादर चौपाटीवर, वातावरणाचा दाब साधारण १४.७ पीएसआय. पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, इथे तो १३.७ च्या आसपास भरतो. म्हणून टायरमधला खरा दाब ३२ अधिक १३.७, म्हणजे ४५.७. आमच्याकडे याला ‘ॲब्सोल्यूट’ म्हणतात, पुस्तकात निरपेक्ष दाब.

दुसरं शून्य तापमानाचं. सेल्सिअसचं शून्य म्हणजे पाण्याचा बर्फ होतो तो बिंदू. ती पाण्याची सोय आहे, वायूला तिच्याशी काही देणंघेणं नाही. वायूचं शून्य आहे उणे २७३.१५ अंशांवर. तिथून मोजलं की २० अंश म्हणजे २९३ आणि ५० अंश म्हणजे ३२३ केल्व्हिन. आता गुणोत्तर काढा: ३२३ भागिले २९३, म्हणजे १.१ च्या थोडं वर. अडीच पट कुठे आणि दहा टक्के कुठे! ४५.७ ला त्याने गुणा, ५०.४ येतात. त्यातून वातावरणाचे १३.७ वजा करा. राहिले ३६.७. डॅशबोर्डवर ३७ का आले ते आता कळलं असेल.

गंमत म्हणजे यातली एकच चूक केली असती तरी उत्तर फसलं असतं. केल्व्हिन वापरून वातावरण मिळवायला विसरलात तर ३५.३ येतं. ते इतकं पटण्यासारखं दिसतं की माणूस गेजलाच दोष देऊन मोकळा होतो. माझ्या मते ही चूक अडीच पटीच्या चुकीपेक्षा वाईट, कारण ८० आल्यावर निदान शंका तरी येते.

हवा सोडायची का? अजिबात नाही. कंपनीने दारावरच्या स्टिकरवर दिलेला आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना किंवा जेमतेम एक-दोन किलोमीटर चाललेली असताना मोजायचा. तापल्यावर वाढणारे चार-पाच पीएसआय कंपनीने हिशेबात धरलेले असतात. आता समजा तुम्ही फूड मॉलला थांबून ३७ चे ३२ केलेत. घरी परत आलात, रात्रभर गाडी उभी राहिली, सकाळी पुन्हा २० अंश. उलटा गुणाकार करा: ४५.७ गुणिले २९३ भागिले ३२३ म्हणजे ४१.५, वजा १३.७. गेज २८ सुद्धा दाखवणार नाही. कमी हवेचा टायर जास्त दबतो, दबला की बाजूच्या भिंती जास्त वाकतात, वाकल्या की आणखी तापतो. हायवेवर टायर फुटतात त्यामागे बरेचदा हवा जास्त नसते, कमी असते. लक्षात ठेवायला ढोबळ माप हवं असेल तर या दाबाच्या टायरला दर सहा-साडेसहा अंशांमागे एक पीएसआय.

नायट्रोजनचं काय, हे कोणीतरी विचारणारच. पंक्चरवाल्याकडे हिरवं टोपण लावून पैसे जास्त घेतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच असतो, आणि तापल्यावर शुद्ध नायट्रोजनही त्याच नियमाने वाढतो, वायूची जात इथे कोणी विचारत नाही. नायट्रोजनचा खरा फायदा म्हणजे तो कोरडा असतो. टपरीवरच्या कंप्रेसरच्या हवेत पाणी असतं. ते का, ते पुढे येईल.

आता मूळ संबंध. वायूच्या चार गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत: दाब, आकारमान, तापमान आणि किती वायू आहे ते, म्हणजे मोलसंख्या. पोरं पीव्ही इज इक्वल टू एनआरटी पाठ म्हणतात. पी म्हणजे दाब, व्ही आकारमान, एन मोलसंख्या, टी केल्व्हिनमधलं तापमान, आणि आर म्हणजे ८.३१४ हा स्थिरांक. सूत्र पाठ असायला हरकत नाही, पण मी नव्या माणसाला आधी एकच विचारायचो: ‘या चारांतलं काय हलत नाहीये ते सांग.’ टायरमध्ये आकारमान जवळजवळ हलत नाही आणि हवाही आत-बाहेर होत नाही, म्हणून दाब आणि तापमान दोघंच उरतात. इंजेक्शनच्या सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या सावकाश दाबला, तर तापमान जवळजवळ खोलीचंच राहतं, मग खेळ दाब आणि आकारमानाचा. फुगा उन्हात ठेवला तर बाहेरचा दाब तोच, म्हणून आकारमान तापमानामागे जातं. तीन नियम वेगळे नाहीत. एकाच खोलीत तीन खिडक्यांतून डोकावण्यासारखं आहे ते.

सिरिंजचा प्रयोग मुलाला जरूर करायला द्या. मेडिकलमधून वीस मिलिची सिरिंज आणा, सुई नको. दट्ट्या वीसवर ठेवा, तोंड अंगठ्याने घट्ट दाबा, दट्ट्या दहावर न्या. आत दाब दुप्पट झाला. पाचवर न्यायचा प्रयत्न करा, चौपट लागतो, आणि अंगठ्याखालून हवा फुसकन निसटायला बघते. वीसवरून दहावर यायला जेवढा जोर लागला, त्यापेक्षा दहावरून पाचवर यायला किती जास्त लागतो ते हाताला समजतं. व्यस्त प्रमाण हा शब्द मला शाळेत कधी कळला नव्हता, असा हाताला कळला.

रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये हेच काचेच्या नळीत केलं. इंग्रजी ‘जे’सारखी वाकवलेली नळी, आखूड टोक बंद, लांब टोकातून पारा ओतायचा. अडकलेल्या हवेची लांबी मोजायची, पाऱ्याच्या दोन पातळ्यांमधला फरक मोजायचा. त्याचा तक्ता आजही बघण्यासारखा आहे. हवा अर्ध्या लांबीत आली तेव्हा पाऱ्याचा फरक २९ इंचांच्या थोडा वर होता. नुसता हा आकडा धरला असता तर सुरुवातीचा दाब शून्य, म्हणजे ‘दुप्पट’ कशाच्या, हेच कळलं नसतं. पण त्याने प्रत्येक ओळीत वातावरणाचे २९ इंच आणि वर काही मिळवण्यासाठी वेगळा स्तंभ केला होता. मिळवल्यावर बेरीज ५८ इंचांवर गेली, २९ च्या दुप्पट. साडेतीनशे वर्षांपूर्वी बॉइल जी चूक टाळून गेला, ती आपण डॅशबोर्डसमोर बसून करतो.

तापमानाची बाजू उलगडायला आणखी सव्वाशे वर्षांहून जास्त काळ गेला. फ्रान्समध्ये जाक शार्लने १७८७ च्या सुमारास प्रयोग केले पण छापले नाहीत. गे-ल्युसॅकने १८०२ मध्ये छापताना त्याचं नाव घेतलं म्हणून आज तो शार्लचा नियम. शार्ल स्वतः १७८३ मध्ये पॅरिसवरून हायड्रोजनच्या फुग्यात बसून उडाला होता, त्यामुळे वायू तापला की काय करतो यात त्याचा जीव अक्षरशः टांगलेला होता. निष्कर्ष असा की शून्य अंशाला २७३ मिलि असलेला वायू, दाब तोच ठेवला तर, दर अंशामागे एक मिलि वाढतो किंवा आकसतो. आता एक-एक अंश खाली उतरत जा. उणे २७३ ला काही शिल्लकच राहत नाही. खरा वायू त्याआधीच द्रव होऊन बसतो, पण कागदावरची रेष तिथे जाऊन टेकते. तेच वायूचं शून्य.

आत घडतं काय? रेणू सुसाट पळत असतात. खोलीच्या तापमानाला हवेचे रेणू सरासरी सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास. ते भिंतीवर आपटतात, त्या आपटण्याची बेरीज म्हणजे दाब. जागा निम्मी केली की भिंतीवर दुप्पट वेळा आपटतात. तापवलं की जास्त वेगाने आपटतात. इतकंच.

सिलिंडरकडे वळतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये मला नात्यातल्या आणि ओळखीच्या लोकांचे जितके फोन आले तितके आधीच्या वीस वर्षांत आले नसतील. प्रश्न एकच: ‘घरी जम्बो सिलिंडर मिळालाय, किती तास पुरेल?’ ऑक्सिजनचा जम्बो सिलिंडर पाण्याने भरला तर साधारण ४७ लिटर मावतं. भरलेला असताना दाब १५० किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो. वातावरणाचा दाब या मापात साधारण एक किलो. ४७ लिटर जागेत वातावरणाच्या दीडशेपट दाबाने कोंबलेला वायू बाहेर वातावरणाच्या दाबाला आला की दीडशेपट जागा घेणार: ४७ गुणिले १५०, सात हजार लिटर. रुग्णाला मिनिटाला पाच लिटर लागत असेल तर चौदाशे मिनिटं, म्हणजे तेवीस तास. मिनिटाला दहा लागत असेल तर साडेअकरा. गेज पन्नासवर आला तर एक तृतीयांश उरला. त्या रात्री बॉइलचा नियम मी फोनवर पाढ्यासारखा म्हणत होतो: लिटर गुणिले किलो भागिले फ्लो. लोकांना मी सांगायचो की हिशेबातून आलेल्या तासांतले शेवटचे दोन धरू नका, बदली सिलिंडर तोवर दारात हवा.

गेज शून्यावर आला तरी तो सिलिंडर खरा रिकामा नसतो, हेही लक्षात घ्या. आत ४७ लिटर ऑक्सिजन वातावरणाच्या दाबाने बसलेलाच असतो, बाहेर यायचं त्याला काही कारण उरलेलं नसतं. गेजचं शून्य आणि वायूचं शून्य, पुन्हा तीच गोष्ट.

मग घरच्या गॅसला हे का लागू पडत नाही? कारण आत मुख्यतः वायू नाहीच. लाल सिलिंडर हलवून बघा, डुचमळतं. १४.२ किलो एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं द्रवरूप मिश्रण, वर थोडी जागा, त्या जागेत त्याचीच वाफ. तुम्ही बर्नर लावला की वरची वाफ बाहेर जाते, दाब किंचित उतरतो, लगेच खालचा द्रव थोडा उकळतो आणि कमतरता भरून काढतो. सूत्रात एन बदलत राहतो, म्हणून दाब आकारमानावर अवलंबून राहत नाही, फक्त तापमानावर राहतो. २५ अंशाला शुद्ध ब्युटेनच्या वाफेचा दाब अडीच बारच्या आत (एक बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब), शुद्ध प्रोपेनचा साडेनऊच्या आसपास, आणि आपलं मिश्रण त्यांच्या मधे कुठेतरी. द्रवाचा शेवटचा वाटीभर उरेपर्यंत दाब साधारण तोच. त्यातही प्रोपेन चंचल, तो आधी जास्त निघून जातो. शेवटी शेवटी ब्युटेन जास्त उरतो म्हणून ज्योत थोडी मंदावते, थंडीत जरा जास्तच. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्यामुळे हिमालयात बर्फात निव्वळ ब्युटेनचा डबा घेऊन गेलेला ट्रेकर चहाविना बसतो.

म्हणून एलपीजी सिलिंडरला प्रेशर गेज लावून किती गॅस उरलाय ते कळणार नाही. वजन करा. रिकाम्या सिलिंडरचं वजन वरच्या कड्यावर कोरलेलं असतं, ते वजा करा. माझी आई ओल्या फडक्याने करायची: सिलिंडरला उभा ओला पट्टा मारायचा आणि दोन मिनिटं थांबायचं. जिथवर द्रव आहे तिथवर पत्रा थंड राहतो, म्हणून पाणी उशिरा वाळतं. वरचा भाग आधी कोरडा होतो. ती रेघ म्हणजे आतली पातळी. भौतिकशास्त्राचं पुस्तक तिने कधी उघडलं नव्हतं.

हॉटेलच्या मोठ्या भट्टीवर हेच उलट अंगाने दिसतं. वाफ भराभर ओढली की द्रवाला उकळायला उष्णता लागते, ती तो स्वतःतून आणि पत्र्यातून घेतो. सिलिंडर बाहेरून घामाघूम होतो, कधीकधी पांढरा बर्फ धरतो, आणि दाब पडतो. मग आचारी सिलिंडर आडवा टाकतो किंवा गरम पाण्याच्या टबात ठेवतो. दोन्ही गोष्टी करू नका. आडवा टाकला की वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरकडे येतो, आणि एक लिटर द्रवाची वाफ अडीचशे लिटरच्या आसपास होते. जास्त सिलिंडर एकत्र जोडणं हाच त्यावरचा योग्य इलाज. सिलिंडर पूर्ण काठोकाठ का भरत नाहीत याचंही कारण इथेच आहे. द्रव तापून फुगला आणि वर वाफेची गादी उरली नाही, तर तो थेट पत्र्यालाच ढकलतो, आणि द्रव दाबला जात नाही. म्हणून एलपीजी दाब बघून भरत नाहीत, वजन बघून भरतात.

सीएनजी मात्र खरा वायूच, द्रव नाही, आणि दाबावर भरतात, २०० बारपर्यंत. इथे रिक्षावाले जे म्हणतात त्यात तथ्य आहे. आमच्या कॉलनीतला एक रिक्षावाला पहाटे पाचलाच रांगेत लागायचा: ‘दुपारी भरला की गॅस फुगतो साहेब, मावत नाही.’ दोन गोष्टी घडतात. एक, दुपारी सगळंच गरम. दुसरी जास्त महत्त्वाची: भरतानाच सिलिंडर तापतो. लोकांना वाटतं पंपाच्या नळीतून सुटलेला वायू प्रसरण पावून थंड होईल. पण आत आधी शिरलेल्या वायूला मागून येणारा वायू दाबत राहतो, आणि पटकन दाबलेला वायू तापतो. उष्णता अजिबात बाहेर गेली नाही असं धरलं तर कागदावर शंभर अंशांच्या वरचा आकडा येतो. प्रत्यक्षात सिलिंडरची जाड भिंत बरीचशी उष्णता पिते, म्हणून इतकं होत नाही, पण हात लावला तर कोमट-गरम लागतो. समजा ६० अंशाला २०० बारवर पंप थांबला. संध्याकाळी ३० अंशाला आल्यावर, वातावरणाचा एक मिळवून २०१ गुणिले ३०३ भागिले ३३३, गेज १८० च्या जवळ. रिक्षावाल्याला वाटतं कोणीतरी गॅस चोरला. तसं नाही, आणि पैसेही बुडालेले नाहीत, कारण पंपाचं मीटर किलोमध्ये मोजतं. कमी किलो बसले, कमी पैसे गेले, रांगेत मात्र लवकर परत यावं लागलं.

सीएनजीच्या दाबाला आणखी एक बारकावा. साध्या सूत्राने ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये २७ अंशाला, २०० बारवर मिथेन काढला तर पावणेआठ किलो येतो. प्रत्यक्षात नऊच्या आसपास बसतो. सूत्र रेणूंना बिंदू धरतं आणि त्यांना एकमेकांविषयी ओढ नाही असं मानतं. दोनशेपट कोंबल्यावर ती ओढ जाणवायला लागते आणि मिथेन अपेक्षेपेक्षा जास्त मावतो. व्हॅन डर वाल्सने १८७३ मध्ये आपल्या प्रबंधात हीच दुरुस्ती मांडली, १९१० मध्ये त्याला नोबेल मिळालं. टायरच्या दाबाला हा फरक मोजता येणार नाही इतका लहान असतो, विसरून जा.

पटकन दाबणं आणि सावकाश दाबणं, हा फरक अकरावीच्या पुस्तकात वेगळ्या धड्यात ढकललेला असतो, पण कामावर तोच जीव घेतो. सायकलला पंपाने हवा मारताना पंपाचं बूड हाताला चटका देतं. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो. हवा अठरापट आकसली की सहाशे अंशांच्या वर जाते आणि डिझेल आपोआप पेटतं. तिन्ही राशी एकदम हलतात, बॉइल एकटा पुरत नाही. कंप्रेसरमध्ये ३० अंशाची हवा एका दमात आठपट दाबावर नेली तर हिशेबाने पावणेतीनशे अंश होते. वंगणाचं तेल जळून काजळी धरतं. म्हणून दोन टप्पे करतात: अर्धं दाबायचं, मधे इंटरकूलरमध्ये थंड करायचं, मग उरलेलं. तसं केलं की प्रत्येक टप्पा १३५ च्या आसपास थांबतो.

ऑक्सिजनच्या बाबतीत तर हे कधीच विसरू नका. सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तर रेग्युलेटरमधली थोडीशी हवा क्षणात दीडशेपट दाबली जाते. हिशेबाने हजार अंशांच्या जवळ, क्षणभर का होईना. तिथे ग्रीसचा ठिपका असला, कोणी आटे फिरत नाहीत म्हणून तेलाचं बोट लावलेलं असलं, तर शुद्ध ऑक्सिजनमध्ये ते पेटतं. व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा, तोंड बाजूला ठेवायचं, तेलाचा हात लावायचा नाही. रेग्युलेटरवर ‘नो ऑइल’ लिहिलेलं असतं ते शोभेसाठी नसतं.

पाण्याचं सांगायचं राहिलं होतं. पावसाळी दिवशी ३० अंशाच्या हवेत दर घनमीटरला चोवीस-पंचवीस ग्रॅम बाष्प असतं. अशी आठ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरमध्ये बसवली आणि परत ३० अंशाला आणली. बाष्प झालं दोनशे ग्रॅमच्या जवळ, पण एका घनमीटर जागेत ३० अंशाला तीस ग्रॅमच राहू शकतं, दाब कितीही असो. उरलेलं दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम पाणी रिसीव्हरच्या तळाशी. पंक्चरवाला रोज ड्रेन कॉक, म्हणजे तळाची पाणी सोडायची तोटी, उघडत नाही, ते गंजाळ पाणी तुमच्या टायरमध्ये जातं.

याच रिसीव्हरवरून एक प्रसंग. नव्या टाकीची चाचणी पाण्याने करायची असते: पाणी भरून, हवा पूर्ण काढून, हातपंपाने दाब चढवायचा. एका कारखान्यात घाईत सुपरवायझरने ठरवलं की पाणी नंतर सुकवायची कटकट नको, लाइनची हवाच लावू. मी पलीकडच्या शेडमध्ये होतो. ब्लाइंड फ्लँजचे, म्हणजे टाकीचं तोंड बंद करणाऱ्या जाड झाकणाचे, चार बोल्ट कमी ताणलेले होते. फ्लँज सुटून छपराच्या पत्र्यातून आरपार गेला, रविवार असल्याने खाली कोणी नव्हतं. पाणी असतं तर पंधरा बारला हजारात एक भागही दबलं नसतं, गळती झाली असती, पिचकारी उडाली असती आणि दाब लगेच शून्य. हवा मात्र पंधरा बारला पंधरापट जागा मागत बसलेली असते. एक हजार लिटरची टाकी फुटली तर पंधरा हजार लिटर हवा एका क्षणात बाहेर यायला बघते. त्या छपरातलं भोक त्यांनी बरेच महिने बुजवलं नाही. मला वाटतं मुद्दामच.

आता मुलासाठी काम. तुमच्या गाडीत टायरचा दाब आणि तापमान दोन्ही दिसतात, मग टायरच वायुतापमापी करा. सकाळी थंड असताना एक नोंद, दर वीस मिनिटांनी एक-एक, थांबल्यावर टायर निवत जाताना आणखी तीन-चार. प्रत्येक दाबात १३.७ मिळवायचे. आलेखाच्या कागदावर आडवं तापमान, उभा दाब, आणि रेष डावीकडे वाढवायची ती दाब शून्याला टेकेपर्यंत. डॅशबोर्ड पूर्णांकात आकडे दाखवतो, त्यामुळे उत्तर पाच-पन्नास अंशांनी इकडेतिकडे होईल. उणे २५० आलं तरी शाबासकी द्या. उणे १८० च्या आसपास आलं, तर तो वातावरण मिळवायला विसरलाय.